दुपारी एक वाजून चार

शिवानंद सर, तुमच्या ऑफिसातून दोनदा ताकीद आली. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवरून, माझ्या नावाने, रोज दुपारी कोणीतरी काम पाठवतं. शुक्रवारपर्यंत थांबलं नाही तर खातं बंद. ही नोकरी गेली तर मला आईशेजारी विड्या वळायला बसावं लागेल. म्हणून काय काय तपासलं ते लिहून ठेवते.

सोमवार. कुंभारीच्या विडी कामगारांच्या वसाहतीत आमची एक खोली. कॉम्प्युटर खिडकीपाशी. सकाळी मी तुमच्या नोंदी टाइप करते, साडेबाराच्या बसने सोलापुरात क्लासवर शिकवायला जाते. मागे फक्त आई. तिला माउस धरता येत नाही.
पासवर्ड बदलला.
एक वाजून चार मिनिटांनी फोनवर सूचना: लॉगिन झालं.

मंगळवार. व्हायरस तपासला. काही नाही. वायफायचा पासवर्डही बदलला.
एक वाजून चार.

बुधवार. विंडोज नव्याने टाकलं. निघताना राउटरच पिशवीत घातला. क्लासच्या टेबलावर तो माझ्यासमोर होता. बंद, गार.
एक वाजून चार.

संध्याकाळी आई सूप मांडीवर घेऊन बसली होती.
"आई, दुपारी घरात कोण येतं?"
"कोन येतंय? तूच की."
"मी क्लासला असते."
"मग एकाला येतीस की परत. तितं टकटक करतीस, मग हितं माज्याजवळ बसून कट्टे बांधतीस." ती हसली. "लई नाक मुरडत हुतीस. आता बग, कसा हात बसलाय."

दहावीनंतर मी विडीला हात लावलेला नाही.
सुपात पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे होते. आईची दोऱ्याची गाठ मी ओळखते. निम्म्या गाठी तिच्या नव्हत्या.

गुरुवार. तुम्ही म्हणालात, कॅमेरा लावा. लावला, तुमच्या ऑफिसला जोडून.
दीड वाजता तुम्हीच फोटो पाठवलात. खाली एक ओळ: ओळख पटली, तुम्हीच आहात.
फोटोत मी. त्या क्षणी क्लासवर माझ्या अंगावर होता तोच निळा ड्रेस. अंगठ्याला विडीचं तोंड दुमडायची पत्र्याची पट्टी. मागे आई. तिचं असं हसू मी कधीच पाहिलेलं नाही.

शुक्रवार. बसमध्ये असताना तुमचा मेसेज. एका नावावर एकाच वेळेचं काम ठेवता येतं. सकाळच्या कामात चुका जास्त. दुपारचं चालू ठेवतो आहोत.

मध्येच उतरले. रिक्षाने परत.

सर, हे दाराबाहेरून लिहिते आहे.

एक वाजून दहा. आतून कडी. कीबोर्डचा आवाज.

"आई."

आवाज थांबला.

"कोन हाय?"

"मी. अपेक्षा."

आत कुजबुज. मग आई, दाराच्या अगदी जवळून, परक्याशी बोलावं तशी: "अपेक्षा घरात हाय की. तुमी कोन?"

मी खाली पाहिलं. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला होत्या. डाव्या पट्ट्याला मी घातलेला लाल टाका.

पायातही त्याच.