कलमात लिहिलंय तसंच

जेवून न्यायाधीश ग्वाझासाहेब कोर्टात येऊन बसले, तेव्हा पुढचा खटला अगदीच किरकोळ वाटत होता. मलावीतल्या सरोवराकाठचं ते एवढंसं कोर्ट. चोरलेली जाळी आणि दारूतली भांडणं, दुसरं तिथं येणार तरी काय!

आरोपी नासिबेको, कोळ्याची बायको. मांडीवर तान्हं मूल. आरोप असा, की मृत्यूची नोंद झालेला माणूस तिनं तीन दिवसांहून जास्त घरात ठेवला. शिक्षा एक वर्ष, आणि मुडदा पोलिसांनी नेऊन पुरायचा. कधीकाळी पटकीच्या साथीत केलेला कायदा होता तो.

"मुडदा कुठाय?" साहेबांनी विचारलं.

सार्जंटनं ओशाळून बाकाकडे बोट केलं. "तो काय, साहेब. तिचा नवरा, अनाफी."

बाकावरचा माणूस उठला आणि अदबीनं हसला. साहेबांचं डोकंच फिरलं. "चेष्टा लावलीय? जिता माणूस आहे हा! तक्रार कुणाची?"

"हिचीच. आपल्या पायांनी चौकीत आली. आठ महिन्यांपूर्वी सरोवरात बुडाला, तो मृत्यूचा दाखला खरा आहे, कलमात शब्दन् शब्द बसतोय. मी तरी काय करू?"

बाईचं बाहेर काहीतरी असणार, साहेबांना लगेच संशय आला. नवरा नकोसा झालाय.

"पाण्यातून काढलेला देह, बाई. फुगलेला. ओळखण्यात चूक झाली असेल."

"पुरण्याआधी मीच आंघोळ घातली, साहेब. डाव्या पायाची दोन बोटं मगरीनं नेलेली... यालाही नाहीत."

साहेबांनी अनाफीकडे पाहिलं. "आठ महिने कुठे होतास रे?"

"पलीकडच्या काठाला. तापानं पडलो होतो."

उत्तर झटकन आलं, जरा जास्तच झटकन. बाहेर कडक ऊन होतं, तरी खोलीत तळाच्या गाळाचा वास येत होता. कोळीच तो, त्याला वास येणारच, असं साहेबांनी स्वतःला बजावलं.

नासिबेको कठड्याला बिलगली. "तुरुंगात तान्ह्या लेकराला आईजवळ ठेवतात ना? मग द्या मला वर्ष. हा रात्रभर बाळाला छातीवर घेऊन बसतो... सकाळी बाळ गार लागतं, साहेब. रोज जरा जास्तच गार. कलमात लिहिलंय तसंच वाचा. एवढंच करा माझ्यासाठी."

पण ग्वाझासाहेब शिकलेला माणूस! शब्दाला चिकटून निकाल वेडगळ होत असेल, तर शब्द सोडून कायद्याचा हेतू पाहायचा. हे तत्त्व त्यांनी भर कोर्टात ठसक्यात सांगितलं. बायकोनं जित्या नवऱ्याबरोबर राहणं हा गुन्हा कसा? निर्दोष! त्यांनी सही ठोकली.

मृत्यूची नोंद रद्द करायच्या अर्जावर कारकून तिओपिस्ताबाईंनी अनाफीचा अंगठा घेतला. मग त्यानं बायकोच्या हातातून बाळ अलगद काढून घेतलं आणि चालू लागला. ती मागोमाग गेली. न जाऊन सांगते कुणाला?

बाईंनी कागद साहेबांपुढे सरकवला. शाईचा गोल ठसा, कडेनं पाणी पाझरतंय. आणि त्यात एकसुद्धा रेघ नाही.

"बोलवा... त्यांना परत बोलवा!"

"सही झालीय, साहेब. आता हे कोर्ट निकाल फिरवू शकत नाही. तसं लिहिलंय."

साहेब खिडकीशी धावले. अनाफी वाळूवरून सरोवराकडे निघाला होता. खांद्यावरचं बाळ तोंड वासून, लालबुंद होऊन रडत होतं. एवढ्या जवळून. आणि आवाज मात्र अजिबात येत नव्हता, जणू ते पाण्याखाली रडत होतं.