मागचं इंजिन उत्तर देईना

१९२७ सालचा श्रावण. बोरघाटात तेव्हा वाफेची इंजिनं होती. मी एकोणीस वर्षांची, लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण, आणि माझा थोरला भाऊ दत्तोबा रेल्वेच्या शेडमध्ये कारकून.

त्या शनिवारी दत्तोबा डबा घरीच विसरला, म्हणून शाळा सुटल्यावर मी तो शेडवर घेऊन गेले. फाटकाशी कोळशाचा ढीग होता. मी जवळ जाताच त्यातला अर्धा ढीग दचकून उभा राहिला. नीट पाहिलं तर तो माणूस होता.

"कोण पायजे?"

"दत्तोबा. डबा द्यायचाय."

त्यानं डबा घेतला. पितळेवर पाच काळी बोटं उमटली. ती पुसायला म्हणून त्यानं डबा सदऱ्यावर घासला आणि सगळा डबाच काळा केला. मी हसले. त्याचे कान लाल झाले असावेत, पण ते कळायला आधी कान दिसायला हवे होते. तो डबा धुवायला नळाकडे पळाला.

तो भुशी गावचा हौशीराम. घाट चढताना गाडीला मागून रेटायला जोडतात, त्या मागच्या इंजिनावर फायरमन होता.

इतक्यात नूरमहंमदचाचा आले. शेडमधले सगळ्यात जुने ड्रायव्हर. मी परकरात होते तेव्हापासून मला ओळखायचे.

"शालूबेटी, आज पाळी सुटली की आमी सगळे नागफणीच्या डोंगरावर चाललोत. तू पण चल."

"ती कशी येईल?" आतून आलेला दत्तोबा म्हणाला. "उद्या तिला बघायला तळेगावचे पाहुणे यायचेत. पाय मुरगळला तर?"

"तो काय पाय बघायला येतोय?"

"चालून दाखवावं लागतं, चाचा!"

हे खरंच होतं. तळेगावचा तो मुलगा तलाठी होता. 'मुलगी शाळा सोडेल ना?' एवढं एकच त्यानं आधी विचारून घेतलं होतं. मामानं मला न विचारता 'सोडेल' म्हणून सांगितलंही होतं. त्यामुळे पाय मुरगळला असता तर मला चालण्यासारखं होतं. मी हट्ट धरला. शेवटी झुंबरआत्या बरोबर असेल तर जा, असं ठरलं. आत्याला वाटलं, देवदर्शन आहे. नागफणीवर महादेव आहे खरा, पण वाटेत एवढा डोंगर आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पायथ्याच्या कुरवंड्यापर्यंत सगळे गप्पा मारत आरामात आलो. पुढं धुकं उतरलं... चार हातांपलीकडचा माणूस दिसेना. चाचांनी सगळ्यांना थांबवलं.

"आता घाटातल्या गाडीवानी जायचं," ते म्हणाले. "मी पुढचं इंजिन. तुमी समदे डबे. हौशीराम मागचं इंजिन."

शेडमधून आणलेल्या दोन पत्र्याच्या शिट्ट्यांपैकी एक त्यांनी हौशीरामाला दिली. नियम घाटातलाच. पुढच्यानं शिट्टी द्यायची, मागच्यानं तशीच परत द्यायची, की गाडी हलणार. उत्तर आलं नाही तर कुणीही जागचं हलायचं नाही. दर वळणावर थांबायचं आणि पुन्हा शिट्टी.

सगळ्यात हळू चालणारे डबे शेवटी. म्हणजे आत्या, तिच्या मागे मी... आणि माझ्या मागे मागचं इंजिन. आता ते अंघोळ करून आलं होतं. कान दिसत होते. लालच होते.

पुढून शिट्टी आली. मागून उत्तर गेलं. गाडी निघाली.

"तुम्ही कधी बोलत नाही का हो?" पहिल्याच वळणावर मी विचारलं.

"इंजिनावर बोलल्यालं ऐकू येत न्हाई. सवय ऱ्हायली न्हाई."

"मग घरी?"

"घरी आई बोलती."

झुंबरआत्या पुढून ओरडली, "काय गं, काय चाललंय?"

"काही नाही आत्या. मागचं इंजिन तपासतेय."

पावसाची भुरभुर सुरू झाली. हौशीरामानं डोक्यावरचं इरलं काढून माझ्यापुढे धरलं. मी ते आत्याला दिलं. त्याचा चेहरा पडला... मला फार बरं वाटलं.

"शाळंत काय शिकवता?" बऱ्याच वेळानं तो म्हणाला. त्यानं आपणहून काढलेला हा पहिला विषय.

"सगळंच. पण आता किती दिवस शिकवीन कुणास ठाऊक. उद्या तळेगावचे पाहुणे येतायत मला बघायला. तलाठी आहे. त्याला मास्तरीण नकोय, बायको हवीय."

मागची पावलं थांबली. मी वळून पाहिलं. हातात शिट्टी घेऊन तो नुसता उभा होता.

तेवढ्यात वरून चाचांची शिट्टी आली.

हौशीराम गप्प.

पुन्हा शिट्टी आली, जरा लांबलेली. गडी गप्पच.

पावसात, निसरड्या चढावर, सगळी गाडी उभी राहिली. शिस्त अशी की एक डबा हलेना. धुक्यातून आरोळ्या यायला लागल्या.

"काय झालं रं?"

"मागचं इंजिन उत्तर देईना!"

"पाणी संपलं का त्याचं?"

"अहो, शिट्टी द्या ना," मी म्हणाले.

"न्हाई देत."

"का?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मी शिट्टी दिली की गाडी हलंल. गाडी हलली की वर पोचंल. वर पोचली की दर्शन करून समदे खाली येत्याल... मग उद्या उजाडंल. मग ते पाव्हणं येत्याल. म्हनून देत न्हाई."

तोवरच्या आयुष्यात तो इतकं सलग कधी बोलला असेल असं मला वाटत नाही. बोलून त्याला धाप लागली.

"म्हणजे काय, उद्यापर्यंत इथंच उभं राहायचं?"

"व्हय. चालंल मला."

"अरे मेल्या, मला न्हाई चालायचं!" इरल्याखालून आत्या कडाडली. "पाय भरून आलं माजं! काय इचारायचंय ते इचार तिला आन वाजव ती शिट्टी!"

तो आणखीच घाबरला. एकदा आत्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत म्हणाला, "शाळा सोडू नगा. आमचं भुशीचं घर लांब न्हाई. सकाळी पाळीला जाताना मी सोडीन शाळंपतुर. बास... एवढंच."

वरून तिसरी शिट्टी आली. चाचा वैतागले होते हे शिट्टीतसुद्धा कळत होतं.

"तुमचं उत्तर आल्याबिगर मी न्हाई वाजवायचा," हौशीराम म्हणाला.

आता सांगायचं काय? समोर सख्खी आत्या. धुक्यात वीस जणांचे कान. मी हात पुढं केला, त्याच्या हातातली शिट्टी काढून घेतली आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून वाजवली.

"हां! हली गाडी!" वरून आरोळी आली. सगळे डबे हलले. आम्ही दोघंच तेवढे तिथं उभे.

"चला आता," आत्या म्हणाली, "का रूळ सोडलं दोगांनी?"

शिखरावर धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. महादेवाला पाणी घातलं, भाकरी सोडल्या, आणि झुंबरआत्यानं ठेच्याबरोबर बातमीही वाढली. दत्तोबाला दोन्ही एकदमच लागलं. तो खोकत उठला.

"आणि उद्याचे पाहुणे? मामानं शब्द दिलाय! मी काय सांगू त्याला?"

"सांग, लाइन क्लिअर न्हाई," चाचा म्हणाले.

"चाचा, थट्टा नको! हा कोळसा मारतो. तो तलाठी आहे!"

"शब्द मामाने दिला, दादा," मी म्हणाले. "मला कुणी विचारलं नव्हतं. याने विचारलं. सगळी गाडी अडवून विचारलं."

दत्तोबानं हौशीरामाकडे पाहिलं. हौशीराम दत्तोबाचा तो पितळी डबा स्वच्छ रुमालानं पुसत होता.

"उद्या मी चालून दाखवणार नाही," मी म्हणाले.

दत्तोबा परत भाकरीपाशी बसला. मग म्हणाला, "मामाला मी सांगतो. पण पोहे तू करायचेस. माणसं लांबून येतायत."

पाहुणे आले, पोहे खाल्ले, मामाला चार शब्द सुनावले आणि गेले. मार्गशीर्षात आमचं लग्न झालं.

त्या तलाठ्याचं पुढं चाकणकडच्या मुलीशी जमलं. पाच मुलं झाली, सुखात होता म्हणतात. घाटात विजेची इंजिनं आली तेव्हा नूरमहंमदचाचांनी नोकरी सोडली. 'बटणं दाबायला मी कशाला?' म्हणाले आणि नातवंडांना घेऊन बाजारात चिक्की खात हिंडू लागले. दत्तोबा हेडक्लार्क होऊन निवृत्त झाला. झुंबरआत्या नव्वदी ओलांडून गेली. पुन्हा कुठल्याही देवाला जायचं म्हटलं की आधी विचारायची, "त्यो सपाटीला हाय का?"

मी पंचावन्नव्या वर्षापर्यंत शिकवलं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. एवढं घडाघडा घेतलं ते या गोष्टीपुरतं. हौशीराम पुढं ड्रायव्हर झाला आणि बोलायलाही शिकला. दिसेल त्याला हीच गोष्ट सांगायचा, आणि दर खेपेला तळेगावच्या त्या पाहुण्याला बढती द्यायचा. मुलांच्या लहानपणी तो अव्वल कारकून होता, नातवंडांपर्यंत मामलेदार झाला. अखेरच्या आजारात, ससूनमध्ये, डॉक्टरांनी बोलू नका म्हटलेलं असताना यानं नर्सला हळूच जवळ बोलावलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला बघायला कलेक्टर येनार हुता."

नर्सनं माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान डोलावली. "हो," म्हटलं, "पुण्याचा."