हरण्याचा दुसरा नमुना

साहेब, तुम्ही कागदावर खोटं लिहिलंय. खोटं नसेल, तर मी मेलोय.

ही बनवलेली गोष्ट नाय. पाचोडच्या शिवारात घडलेली आहे, २०२३ च्या पोळ्यानंतर. तीही भर दुपारी.

कडूबा माझा चुलतभाऊ. बांधाला बांध. हरण्या गोऱ्हा असताना बाजारात आधी माझी नजर पडली त्याच्यावर. घेतला कडूबानं. पुढं तो गावचा मानाचा बैल झाला. पोळ्याला तोरणाखालून पहिला हरण्या, मागं त्याची धूळ खात माझी जोडी.

लई जळायचो मी. लपवत नाय.

पोळ्याच्या महिनाभर आधी मोसंबीच्या बागेत पिसाळलेलं कुत्रं हरण्याच्या पायाला चावलं. मी एकट्यानं बघितलं.

कडूबाला बोललो नाय.

पोळ्यानंतर आठव्या दिवशी हरण्याचा आवाज बसला. लाळेच्या तारा सुटल्या. पाणी गिळता येईना. कडूबाला वाटलं, घशात मोसंबं अडकलं. आमच्याकडं असंच वाटतं सगळ्यांना. त्यानं बाही वर केली. मला म्हणाला, "सांडू, कासरा धर. तुला तर या बैलाची लई हौस."

कोपरापर्यंत हात घातला त्यानं घशात.

मी कासरा धरून उभा...

तरी बोललो नाय.

तिसऱ्या दिवशी हरण्या गेला. जनावरांच्या डॉक्टरांनी डोकं बर्फात घालून शहरात तुमच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं. धड बांधावर पुरलं. तुमचा कागद आला: मेंदूच्या पेशींत रेबीजचा विषाणू. कडूबानं लगेच सुया घेतल्या. वाचला.

महिना गेला. एका दुपारी माझ्या गोठ्यात हंबरणं ऐकू आलं...

घोगरं. बसलेल्या आवाजाचं.

गोठा रिकामा होता, माझी जोडी रानात. पण मोकळ्या खुंट्याचं दावं ताणलेलं होतं. आणि ओलं...

चिकट लाळेनं.

बायकोनंही ऐकलं होतं. दारातूनच म्हणाली, "धन्याचं दार सोडून इथं कशाला आलं हे?"

खरं सांगू? मला बरं वाटलं. मेल्यावर का होईना, कडूबाकडं नाय, माझ्याकडं आला. मी ते दावं कुरवाळलं. विळ्यानं कापलेल्या हातानं.

आठ दिवसांनी तुमचा दुसरा कागद आला. माझ्या नावावर.

'त्याच बैलाचा दुसरा नमुना. ताजा. मेंदूच्या पेशी जिवंत, विषाणूशी झुंजत आहेत. नमुना आणणारा: सांडू.'

मी काही आणलेलं नाय. डोकं तर तुमच्याकडंच होतं.

कागद घेऊन माणसांच्या दवाखान्यात सुया मागायला गेलो. म्हणालो, कापलेल्या हाताला लाळ लागलीय. डॉक्टरांनी विचारलं, कोणत्या जनावराची लाळ? म्हणालो, महिन्यापूर्वी पुरलेल्या बैलाची. ते हसले. म्हणाले, "घरी जा. गार पाणी प्या."

सकाळपासून तांब्या समोर भरलेला आहे. बायको तीनदा विचारून गेली. माझा हात तिकडं जात नाय. आवाजही बसलाय...

साहेब, माझ्या नावानं तुमच्या दारात कोण आलं होतं? तो मेंदू जिवंत होता की नव्हता?

आजच्या आज सांगा.