मोकळ्या जागेचं वजन

ऐरोलीतल्या एका सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये नंदिनी दर रविवारी सकाळी फोटोग्राफीचा क्लास घ्यायची. वर्तमानपत्रात बरीच वर्षं फोटो काढून झाल्यावर तिने ती नोकरी सोडली होती. कॅमेऱ्याची बटणं ती फारशी शिकवत नसे. ती बघायला शिकवायची. रेषा नजरेला कुठे ओढून नेतात, गडद रंग फिक्या रंगाला कसा दाबतो, खडबडीत भिंतीपुढे गुळगुळीत गाल कसा उठून दिसतो. आणि सगळ्यात आधी तोल. फ्रेम म्हणजे तराजू, असं ती सांगायची. माणूस एका कडेला बसवला आणि दुसरी कडा मोकळी सोडली की पारडं झुकतं. मग तिकडे काहीतरी लागतं. एखादं झाड, एखादी सावली, निदान त्या माणसाची नजर तरी तिकडे वळलेली हवी.

त्या बॅचमध्ये बहुतेक आयटीत काम करणारी मुलं होती. त्यांच्यात सगुणाताई वेगळ्या दिसायच्या. नावडे गावच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. घरची शेतं गेली आणि त्या जागेवर भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या, असं घर. क्लासमधला सगळ्यात भारी कॅमेरा त्यांचाच होता. त्यांचं काम एकच होतं आणि ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांचे यजमान शिवाशेट साठ वर्षांचे होणार होते, नाक्यावर मोठा बॅनर लागायचा होता, आणि त्यावर टाकायला धड फोटो मिळत नव्हता.

"यांना मधी बसवला का फोटू वाकडा दिसतंय, मॅडम," त्या म्हणाल्या. "काय चुकतंय ते मना कलत नाय."

नंदिनीने त्यांना काढलेले फोटो घेऊन यायला सांगितलं. पुढच्या रविवारी त्यांनी ते आणले आणि तिने एकेक पडद्यावर टाकला. सगळे गावामागच्या एका जुन्या तळ्यावरचे होते. रुंद दगडी पायऱ्या, पलीकडे स्थिर, मातकट पाणी. ज्यांत शिवाशेट पायरीच्या मधोमध बसले होते, ते फोटो खरंच झुकल्यासारखे दिसत होते. एका फोटोत मात्र ते अगदी डाव्या टोकाला होते, उजवीकडची अख्खी पायरी मोकळी, आणि त्यांची नजर सरळ समोर. नियमाने ही फ्रेम पडायला हवी होती. ती पडत नव्हती. इतकी पक्की बसलेली फ्रेम नंदिनीने क्वचितच पाहिली होती.

आपली नजर आधी शिवाशेटांच्या चेहऱ्यावर जाते, मग पायरीच्या कडेने उजवीकडे सरकते आणि तिथे थांबते, हे तिच्या लक्षात आलं. तिथे दगडाशिवाय काही नव्हतं.

हा डोळ्यांचा खेळ असेल म्हणून तिने तो फोटो शौनकला दिला. शौनक क्लासमधला सगळ्यात चिकित्सक मुलगा. माणसाची नजर चित्रात कुठे थांबेल याचा अंदाज लाल डागांनी दाखवणारा एक प्रोग्रॅम त्याच्या ऑफिसात होता. त्याने फोटो त्यात घातला आणि नंदिनीला पाठवला. एक डाग शिवाशेटांच्या चेहऱ्यावर होता. दुसरा, तेवढाच दाट, उजवीकडच्या मोकळ्या दगडावर. प्रोग्रॅममध्ये काहीतरी गडबड आहे, असं शौनकने खाली लिहिलं होतं. हा दुसरा डाग गोल नव्हता. वर लहान आणि खाली पसरट होता.

नंदिनीने सगुणाताईंना फोन केला आणि फोटो मीच काढून देते म्हणून सांगितलं.

शनिवारी दुपार कलताना ती नावड्याला पोचली. गावातल्या नव्या इमारतींच्या मागे ते तळं होतं. मुंब्रा-पनवेल रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रेलरची घरघर तिथवर येत होती, पण पायऱ्या उतरू लागलं की ती कापडातून आल्यासारखी ऐकू येई. दगड उन्हाने तापलेले होते. पाण्यावर एकही तरंग नव्हता.

शिवाशेट यायच्या आधी तिने नुसत्या पायऱ्यांचा एक फोटो काढला. तो उजवीकडे झुकला. कॅमेऱ्याच्या तिपाईवरचा, पातळी दाखवणारा पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्ये होता. मग तिने तिची जुनी युक्ती केली. फोटो उलटा करून पाहिला. उलट्या फोटोत वस्तू ओळखू येत नाहीत, नुसते आकार उरतात आणि खोटं वजन गळून पडतं. हे गळलं नाही. ते फोटोबरोबर फिरलं आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसलं.

तेवढ्यात नवराबायको आले. शिवाशेट किडकिडीत होते, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. न सांगताच ते डाव्या टोकाला जाऊन बसले, बाकावर शेजारच्यासाठी सरकून बसावं तसे. वर्षभर ते रोज इथे येतात, असं सगुणाताईंनी सांगितलं. आधी हा माणूस सोबतीशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नसे. आता एकटे येतात आणि तासन्‌तास बसतात. जेवण कमी झालंय, पण डॉक्टर म्हणतात, बसू द्या.

"इथं मना बरा वाटतं," शिवाशेट म्हणाले. तेवढंच.

नंदिनीने त्यांना मध्ये बसवून पाहिलं. वरून, खालून, जवळून, लांबून फोटो काढले. प्रत्येक वेळी फ्रेम झुकली. ऊन पिवळं पडत चाललं होतं. सगुणाताई घड्याळ बघत होत्या, कारण बॅनरवाल्याला फोटो आजच हवा होता. शेवटी नंदिनीने शिवाशेटांना उजवीकडे सरकायला सांगितलं.

"तिथं नको."

का, असं तिने विचारलं.

"तिथं जागा नाय."

अख्खी पायरी मोकळी पडली आहे आणि काय पोरासारखं करता, असं म्हणून सगुणाताई त्यांच्यावर वैतागल्या. शिवाशेट त्यांच्याकडे बघत नव्हते. ते नंदिनीकडे बघत होते.

"मॅडम, तुमाला पन दिसतंय ना?"

दिसत होतं. पण तिने उतरत्या उन्हाकडे पाहिलं.

"एकच फोटो, शेट," ती म्हणाली.

ते उठले. दगडाला हात लावत, थंड पाण्यात उतरावं तसे सावकाश, उजवीकडे बसले.

त्यांचे खांदे खाली आले. चेहऱ्यावरचा ताण गेला.

नंदिनीने डोळा कॅमेऱ्याला लावला. पायऱ्यांच्या कडा, पाण्याची रेघ, तिरकी सावली, सगळं त्यांच्यापाशी येऊन मिळत होतं. आणि डावी बाजू मोकळी असून तोल ढळत नव्हता.

शिवाशेटांनी सरळ भिंगात पाहिलं आणि हसले. दुपारपासून पहिल्यांदाच.

तिने बटण दाबलं.

पायऱ्या चढताना त्यांना दोघींनी आधार दिला. त्या किडकिडीत माणसाचं ओझं नंदिनीच्या खांद्याला पेलेना. ते गाडीत बसले तेव्हा गाडी त्यांच्या बाजूला दबली.

बॅनर लागला. फोटो फारच छान आला, असं सगुणाताईंनी फोनवर सांगितलं. शेटची तब्येतही सुधारली होती. पोटभर जेवतात, चारचौघांत बसतात, गाडी स्वतः चालवतात, तळ्याकडे फिरकत नाहीत. नंदिनीला हायसं वाटलं. मग सगुणाताई क्लासला यायच्या बंद झाल्या. नंदिनीने फोन केले, ते त्यांनी उचलले नाहीत.

तो फोटो तिने एकदा क्लासमधल्या पडद्यावर मोठा करून पाहिला. तिची नजर शिवाशेटांच्या हसऱ्या चेहऱ्यावर गेली, तिथून पायरीच्या कडेने डावीकडे सरकली, आणि पायरीच्या टोकाला जाऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी ऊन असतानाच ती नावड्याला गेली.

तळ्याच्या वरच्या रस्त्यावर त्यांची गाडी उभी होती. शिवाशेट आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. तिने नमस्कार केला. ते छान हसले, पण तिला ओळखल्यासारखं दिसलं नाही.

सगुणाताई खाली पायरीवर होत्या. डाव्या टोकाला थोडी जागा सोडून बसल्या होत्या. शेजारी डबा उघडा होता. डब्याच्या झाकणात भाकरी आणि सुकट वाढलेली होती, आणि झाकण त्या सोडलेल्या जागेपुढे ठेवलं होतं.

नंदिनी दोन पायऱ्या वरच थांबली. तिने कॅमेरा पिशवीतून काढला नाही.

"यांना सुकट लागते," सगुणाताई म्हणाल्या. "घरात कोनी खात नाय आता."

वरून गाडीचा हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. शेट बोलावतायत, असं नंदिनी हळूच म्हणाली.

सगुणाताईंनी मान वळवली नाही. पदराने झाकणावरची माशी हाकलली.

"वाजवू दे त्याला," त्या म्हणाल्या. "यांचं जेवान व्हायचंय अजून."