बंधाऱ्याच्या प्लेटा

२०१७ सालची दिवाळी. पाथर्डी तालुक्यातल्या हिवरदऱ्याला त्या वर्षी पाऊस बरा झाला होता. नदी अजून वाहत होती, आणि रंभाजीमामाच्या ओट्यावर हर्षल डावा हात पुढे करून बसला होता. त्याची धाकटी बहीण निकिता त्या हातावर बॉलपेनने लिहीत होती.

"हलू नकोस रे! 'भेळेची प्लेट' कोपरावर घसरली बघ!"

"अगं, गुदगुल्या होतात!"

"वही केडगावला कोण विसरलं? मग भोग आता!"

दोघं केडगावहून मामाकडे सुट्टीला आली होती. हर्षलच्या बाईंनी यंदा अभ्यास मोठा गमतीचा दिला होता. प्रत्येकाला एकेक इंग्रजी शब्द. गावातली माणसं तो शब्द कशाकशाला वापरतात ते विचारत हिंडायचं. शब्दकोशाला हात लावायचा नाही! हर्षलच्या वाट्याला आली होती प्लेट.

मामाची ज्ञानेश्वरी शेजारी बसून हसत होती. पण तिचे कान होते नदीकडे. बंधाऱ्यातून पाणी खळखळत खाली चाललं होतं आणि ते तिला घरात बसूनही ऐकू येत होतं.

परवा ऊसतोडीसाठी माणसं ठरवणारा मुकादम येणार होता. दिवाळी झाली की हिवरदऱ्यातलं निम्मं गाव ऊस तोडायला जायचं, थेट उन्हाळ्यात परतायचं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी; एकट्या माणसाला कोणी घेत नाही. म्हणून आई आणि दादा, म्हणजे तिचे वडील रंभाजी, दोघंही जायचे आणि ज्ञानेश्वरी शेजारच्या गोजरबाईकडे राहायची. असे तीन हिवाळे तिने काढले होते. शाळेत जाताना स्वतःच्या घरावरून जावं लागे. दाराला कुलूप दिसू नये म्हणून ती तेवढी वाट मान खाली घालून चालायची.

यंदा मात्र दादा म्हणाले होते, "बंधारा भरला तर कांदा लावू. न्हाईतर मुकादमाला हो म्हनावं लागंल."

आणि नदी वाहत असूनही बंधारा भरत नव्हता.

"चल गं ज्ञाने, तुझ्या गोजरआजींना विचारू!" निकिताने तिला ओढलंच.

गोजरबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. प्रश्न ऐकताच त्यांनी बाही वर केली.

"ही बघा माझी प्लेट! उसाच्या गाडीवरनं पडले, हात मोडला. डागदरनं आत लोखंड बसवलं."

"हाताच्या आत?" हर्षलचे डोळे विस्फारले.

"व्हय! थंडी पडली की दुखती. मंग ही माझी ज्ञाना शेकून देती." गोजरबाई ज्ञानेश्वरीकडे बघून म्हणाल्या, "यंदा न्हाई आलीस तरी चालंल बरं का. शेकायचं माझं मी बघीन."

ज्ञानेश्वरीने पुढ्यातली एक शेंग उचलून फोडली. गोजरआजींनाही एकटं वाटतं हे तिला माहीत होतं.

वाल्मिकच्या गॅरेजात क्लचप्लेट मिळाली, तिथेच नंबरप्लेट मिळाली. "आणि तुझ्या चेहऱ्यावर धुळीची प्लेट!" असं वाल्मिक म्हणाला, पण निकिताने ती काही लिहून घेतली नाही. हर्षलचा हात कोपरापर्यंत निळा झाला. संध्याकाळी रंभाजी रानातून आले तेव्हा त्यांनाही विचारलं.

"प्लेट म्हंजी बंधाऱ्याची!" ते म्हणाले. "लोखंडी, जाडजूड. कडेनं काळं रबर, पानी झिरपू नये म्हनून. पाऊस सरला की खाचंत दोन रांगा बसवायच्या आन मधी चिकनमाती भरायची. मंग पानी अडतं."

"मग या वर्षी बसवल्या का नाहीत, मामा?"

"पंचायतीचा बजरंग म्हनतो, दिवाळी झाल्यावर."

"पण तोवर पाणी वाहून जाईल ना!" निकिता म्हणाली.

रंभाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्याला म्या दोनदा सांगितलं, बाळा. किती तोंड वाजवायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिघं बंधाऱ्यावर पोचली. बजरंग प्लेटा ठेवायच्या पत्र्याच्या खोलीसमोर बाजेवर पडून मोबाईल बघत होता.

"बजरंगकाका, एक प्लेट दाखवा ना! शाळेचा अभ्यास आहे."

"कुलूप हाय."

"मग उघडा की!"

"चावी न्हाई. पळा!"

"आणि प्लेटा आत आहेत ना?" निकिताने डोळे बारीक केले.

"मंग काय उडून जात्यात? लई शानी हायस!"

पोरं पळाली, पण खोलीच्या मागच्या बाजूला! तिथे पत्र्याला भोक होतं. हर्षल ओणवा झाला, ज्ञानेश्वरी त्याच्या पाठीवर चढली आणि भोकाला डोळा लावला.

"काय दिसतं?"

"कायच न्हाई," ती हळूच म्हणाली. "खोली रिकामी हाय!"

"लवकर उतर! पाठ मोडली तर मलाही प्लेट बसवावी लागेल!"

निकिता खुदकन हसली. ज्ञानेश्वरीला मात्र हसू आलं नाही. प्लेटाच नाहीत म्हणजे दिवाळीनंतरही कोणी बसवणार नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे दाराचं कुलूप आलं.

"रडू नकोस गं," निकिता म्हणाली. "एवढं जड लोखंड कुणी खिशात घालून नेत नाही. गावातच असणार!"

"म्या कुठं रडतीय?" ज्ञानेश्वरीने नाक पुसलं. "दादा म्हनतात, एकेक प्लेट उचलायला दोन गडी लागत्यात. मंग ट्रॅक्टरच लागला आसंल."

गावात ट्रॅक्टर थोडेच. आणि ज्याचा ट्रॅक्टर सगळ्यांत मोठा, त्या महेंद्रशेठचा नवा बंगला वेशीजवळ उभा राहत होता. खाली स्लॅबला टेकू लावलेले, वर गच्चीची तयारी. दिवाळीमुळे कारागीर घरी गेले होते.

"स्लॅबच्याही प्लेटा असतात की! सेंट्रिंगच्या!" हर्षल ओरडला. "हातावर जागा आहे का?"

तिघं स्लॅबखाली शिरली आणि माना वर करून बघू लागली. काँक्रीट तोलून धरायला पातळ पत्र्याच्या प्लेटा ओळीने लावलेल्या होत्या. पण कडेला, पोर्चच्या बाजूला, काही प्लेटा वेगळ्या होत्या. जाड, गंजलेल्या. आणि एकीच्या कडेवरून काळ्या रबराची पट्टी लोंबत होती.

"रबर!" ज्ञानेश्वरीच्या तोंडून निघालं. "स्लॅबाला रबर कशाला लागतंय?"

"कोन हाय रं तिथं?" बाहेरून आवाज आला. महेंद्रशेठ!

हर्षल गडबडला, पण निकिता पुढे झाली.

"काका, आम्ही शाळेसाठी प्लेटांचे फोटो काढतोय, मालकासकट! तुमच्या स्लॅबसारखा स्लॅब गावात नाही म्हणतात. काढू का तुमचा?"

महेंद्रशेठ खूश झाले. केसांवरून हात फिरवला. "काढ की! बंगला दिसला पायजे."

"या बाजूला उभे राहा. उजेड चांगला आहे. हात वर, प्लेटेला लावा… अस्सं! आणि हसा!"

शेठ झकास हसले. ज्ञानेश्वरीने बरोबर आणलेला आईचा मोबाईल दोन्ही हातांनी धरला होता. फोटो निघाला. हात, हसू, जाड प्लेट आणि लोंबणारं रबर, सगळं एका चौकटीत!

मुकादम मात्र एक दिवस आधीच आला. संध्याकाळी मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. एकेक जण पुढे होऊन हो म्हणत होता. ज्ञानेश्वरी पोचली तेव्हा रंभाजी उठून उभे राहत होते.

"दादा, थांबा!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की तिचं तिलाच नवल वाटलं. "आदी हे बघा!"

मोबाईल हातोहात फिरला. आधी कोणाला कळेना, मग वाल्मिक म्हणाला, "आरं, ह्या तर बंधाऱ्याच्या प्लेटा!"

"बजरंग! तू तर म्हनत हुतास खोलीत हायत?"

"महेंद्रशेठ म्हनले, सेंट्रिंग कमी पडतंय… पंधरा दिसात देतो…" बजरंग पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

महेंद्रशेठ घाम पुसत म्हणाले, "चोरल्या न्हाईत बरं! कारागीर दिवाळीनंतर येनार, तवा काढनारच हुतो. स्लॅब कवाच पक्का झालाय. एवढी काय घाई?"

"घाई?" गोजरबाई काठी टेकत पुढे आल्या. "तुझा पोर्च उभा राहिला, आन आमचं पानी गेलं वाहून! ह्या पोरीचे आईबाप गेल्यावर तिला कोन जेवू घालतं, तू?"

महेंद्रशेठनी खाली बघितलं आणि मुकाट्याने ट्रॅक्टरची चावी काढून दिली.

सकाळी गाव बंधाऱ्यावर लोटलं. वाल्मिकने मोजूनमापून टेकू काढले, प्लेटा उतरवल्या आणि खाचेत बसवल्या. बायकांनी चिकणमाती आणली, पोरांनी ती पायांनी तुडवली. महेंद्रशेठसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले, तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या! पाणी थबकलं, मग भिंतीला लागून हळूहळू वर चढू लागलं.

"शाबास रं पोरांनो!" रंभाजींनी तिघांच्या पाठी थोपटल्या. "आमी म्हातारे नुसते वाट बघत बसलो. तुमी बघून आलात."

"ही पोरं न्हाईत, वकील हायत!" गोजरबाई म्हणाल्या.

अर्धं पाणी तर निघूनच गेलं होतं. कांदा थोडाच लावता आला, बाकी रानात हरभरा. पण रंभाजी आणि ज्ञानेश्वरीची आई जयमाला त्या वर्षी गेले नाहीत. इतर घरं आधीच हो म्हणून बसली होती, ती गेली. मुकादमाचा ट्रक भरून गेला तेव्हा ज्ञानेश्वरीच्या वर्गातल्या कितीतरी मैत्रिणी फाळक्यावरून हात हलवत होत्या. हर्षल-निकिताही केडगावला परतली. गल्लीत चूल पेटायची ती दोनच घरांत.

पुढच्या वर्षी पाऊसच झाला नाही. प्लेटा वेळेवर बसल्या, पण अडवायला पाणी नव्हतं. रंभाजी-जयमाला पुन्हा ऊस तोडायला गेले, आणि नंतरही बरेचदा गेले.

हर्षल आता पुण्यात इंजिनिअरिंग शिकतो. तेव्हा शाळेतल्या बाईंनी त्याचा हात बघून आधी त्याला तो धुऊन यायला लावलं, मग पहिला नंबर दिला. निकिता वकिलीच्या पहिल्या वर्षाला आहे. बजरंगने नोकरी सोडली आणि पाथर्डीत रसाचं दुकान टाकलं. महेंद्रशेठचा बंगला पुरा झाला. त्यांची मुलं मुंबईला असतात आणि ते पोर्चमध्ये खुर्ची टाकून एकटेच बसतात. गोजरबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. ज्ञानेश्वरी नगरला नर्सिंग शिकते, चार मुलींबरोबर एका खोलीत राहते.

खोलीतल्या मुली कधी लहानपणीच्या गोष्टी काढतात, तेव्हा ती बंधाऱ्याची गोष्ट सांगत नाही. ती सांगते त्या एका हिवाळ्याची. त्या हिवाळ्यात रोज सकाळी आई चुलीपुढे तिला घेऊन बसायची आणि वेणी घालायची. वेणी झाली तरी ज्ञानेश्वरी उठायची नाही. नीट नाही झाली, परत घाल, म्हणायची. आई हसून वेणी सोडायची आणि पुन्हा घालायला घ्यायची. त्या सबंध हिवाळ्यात ती रोज शाळेत उशिरा पोचली आणि गुरुजींनी एकदाही कारण विचारलं नाही.