जोडीची शिट्टी

विश्वास ठेवाच, असं मी कोणाला म्हणणार नाही. तेवढा दम आता माझ्यात उरलेला नाही. पण हे माझ्यासोबत घडलंय, अगदी खरं, आणि गौतमने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

रात्र नव्हती. अमावस्याबिमावस्याही नव्हती. तीन उन्हाळ्यांआधीची, मे महिन्यातली कलती दुपार होती.

जबलपूरहून तिलवाऱ्याचा पूल ओलांडून पुढे गेलं, की बरगी धरणाचं पाणी लागतं. समुद्रासारखं पसरलेलं. त्याच्या काठावर मुलांचा निवासी कॅम्प भरतो. मी सुरेखा, शाळेत पीटी शिकवते आणि दर सुट्टीत तिथे मुलींवर लक्ष ठेवायला जाते. मला मुलं फार आवडतात असं सगळे म्हणतात. मला खरं तर झोप आवडते. पण कॅम्पमध्ये ती मिळत नाही. कोणाचं पोट दुखतं, कोणाला आई आठवते, कोणाची चप्पल दुसरीच घालून जाते.

त्या वर्षी माझी भाची इरावतीही सोबत होती. भाऊ रत्नाकर आणि वहिनी, दोघंही बँकेत. पोरगी घरी एकटी काय करणार? वहिनीने बॅग भरताना मला एकच गोष्ट सांगितली.

"ताई, पाण्यापाशी तेवढं सांभाळा."

आमच्या कॅम्पमध्ये पाण्यात उतरायचा एक नियम आहे. जोडीचा. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक जोडीदार मिळतो, आणि कॅम्प संपेपर्यंत तो बदलत नाही. शिट्टी वाजली की असाल तिथे थांबायचं, जोडीदाराचा हात धरायचा आणि वर करायचा. दुसरी शिट्टी वाजेपर्यंत हात सोडायचा नाही. जोडी नसेल त्याने पाण्यात यायचं नाही. बस.

इरावतीची जोडी होती विनता. तिला उन्हाची लू लागली आणि तिचे वडील येऊन तिला घेऊन गेले. मग इरावती काठावर. गाल फुगवून.

त्याच दिवशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली...

शिट्टी वाजली. सगळ्या जोड्यांचे हात वर झाले. पाणी शांत.

आणि मग... छपाक.

एकच. उशिरा. हद्दीसाठी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, जिथे कोणीच नव्हतं.

मासा असेल, म्हटलं. थकलेल्या माणसाला सगळं मासाच वाटतं. पुन्हा शिट्टी वाजली, पुन्हा तसंच झालं. मी काठाकडे पाहिलं, तर इरावतीने पाण्याच्या दिशेने हात पुढे केलेला.

"काय करून राहिली गं?"

"आत्या, ती हात मागून राहिली ना."

"कोण?"

"जिची जोडी नाहीये, ती."

मी तिच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. तरी कैरीचं पन्हं पाजलं, ओला टॉवेल डोक्यावर ठेवला आणि सावलीत बसवलं. ऊन भल्याभल्यांना चढतं तिथे.

दुसऱ्या दिवशी पोरीने रडून गोंधळ घातला. "सबको जाने देती हो, मुझे नहीं!" शेवटी मी वैतागले.

"चल बाई. आज मी तुझी जोडी. खुश?"

कमरेइतक्या पाण्यात उतरलो. ती खेळत होती, मी नुसती उभी होते. पाय पाण्यात गार पडले आणि कितीतरी दिवसांनी जरा बरं वाटलं. समोरून सूर्य डोळ्यांवर येत होता. मी डोळे मिटून घेतले.

शिट्टी वाजली.

मी न बघताच मागे हात केला. लहानसा हात माझ्या हातात आला. धरला, आणि वर केला.

हात फार गार होता...

बोटांशी काहीतरी टोचलं. नखं. लांब वाढलेली नखं. अन् कॅम्पच्या पहिल्याच दिवशी मी प्रत्येक मुलीची नखं कापून घेते. इरावतीची तर मीच कापली होती.

तेवढ्यात काठावरून आवाज आला.

"आत्या! मी इथे आहे! सू-सू करायला गेली होती, गौतम भैयाला सांगून!"

मी डोळे उघडले. इरावती काठावर होती. कोरडा टॉवेल गुंडाळून.

पोहणं शिकवणारा गौतम समोर तराफ्यावर उभा होता. शिट्टी ओठांतून निसटून गळ्यात लोंबत होती. तो माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी बघत होता.

"मॅडम... आपने किसका हाथ पकड़ा है?"

मी मान वळवली नाही. देवाशपथ, हिंमतच झाली नाही. कोपरावरून पाणी ओघळत होतं, त्याला गाळाचा वास येत होता.

आणि इरावती पाण्यात शिरली. माझ्याकडे धावत. तिला वाटलं, हात वर केला म्हणजे आत्या बोलावते आहे.

तशी माझ्या हातातली ती बोटं हलली...

मला सोडून नव्हे. मला घेऊन. इरावतीच्याच दिशेने ओढायला लागली. आनंदाने ओढतं ना लहान मूल, जत्रेत पाळणा दिसल्यावर, तसं.

वहिनीचं बोलणं आठवलं.

"इरा, मागे हो! येऊ नको!" मी किंचाळले. मग आवाज खाली आणून शेजारी बोलले. का बोलले, ठाऊक नाही. वर्गातल्या हट्टी पोरांशी बोलते तशीच बोलले. "तिच्याकडे नाही हं. ती नाही. मी आहे ना. मीच तुझी जोडी."

ओढ थांबली.

"गौतम, शिट्टी मार!"

दुसरी शिट्टी वाजली, तसा हात सुटला. लगेच. शहाण्या मुलीसारखा.

त्या दिवसानंतर त्या कॅम्पमध्ये कोणी पाण्यात उतरलं नाही. ज्यांनी कारण विचारलं, त्यांना गौतमने तब्येतीचं सांगितलं. आता तो रिछाईत एका कारखान्यात आहे आणि माझा फोन उचलत नाही. बरोबर आहे त्याचं.

पुढच्या मे महिन्यात मी जाणार नव्हते. पक्कं ठरवलं होतं. कॅम्प सुरू झाला त्या दुपारी मी रत्नाकरकडे जेवायला गेले. बाथरूममधून इरावतीचा आवाज येत होता. दार ढकललं, तर ती भरलेल्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बसलेली.

"कोणाशी बोलून राहिली?"

"ती विचारते, आत्या काहून नाही आली? मग मीच तुमच्याकडे येऊ का?"

जेवायला न बसता मिळेल त्या गाडीने बरगीला गेले. कमरेइतक्या पाण्यात एकटी उभी राहिले. शिट्टी वाजली तेव्हा हात मागे केला.

तेव्हापासून दरवर्षी जाते. कोणाला सांगत नाही. भीती वाटते का? वाटते. पण भीतीपेक्षा थकवा जास्त असतो. त्या हाताची नखं अजून वाढत आहेत, एवढंच सांगते.

यंदा माझा गुडघा गेलाय. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि पाण्यात पाय घालायचा नाही म्हणाले. मी विचार करत बसले होते, जायचं कसं. काल इरावती आली. बारा वर्षांची झाली आता, मोठी समजूतदार झाली आहे. पायाशी बसली आणि माझा गुडघा चेपायला लागली.

"आत्या, तू आराम कर यंदा," ती म्हणाली. "माझं तिच्याशी बोलणं झालंय."

आज सकाळी फोन करून मी ऑपरेशन पुढे ढकललं. भावाला अजून काही सांगितलेलं नाही. त्याला काय सांगायचं, तेच सुचत नाही.