चंद्री घ्यावी की न घ्यावी

भिवरगडाच्या पूर्व बुरुजावर उजाडले तेव्हा खालच्या खोऱ्यात धुके साचले होते, आणि त्या धुक्यापलीकडे, ज्या माळावर दरसाल याच दिवसांत गडकऱ्यांची गुरे चरत, तेथे मोगली फौजेचे तंबू उभे होते. दसरा तोंडावर आला होता. गडावर मात्र पागेपुढच्या चिंचेखाली वेढ्याहूनही मोठा वाद पेटला होता: रायाजी शितोळ्याने म्हातारी घोडी घ्यावी की घेऊ नये?

रायाजी पायदळातला. बाप, आजा पायीच लढले आणि पायीच गेले. दसऱ्याच्या गणतीला जो स्वतःच्या घोड्यावर बसून येई, त्याचेच नाव शिलेदारांत चढे. इतरांनी आणखी वर्षभर पायीच वाट तुडवायची. आईने अंगावरचे सोने उतरवून त्याच्या ओंजळीत घातले होते. त्यात एकच घोडे येणार होते. विकाऊ होती ती जुने शिलेदार मानाजी भोइट्यांची चंद्री. गुडघ्यात गोळी शिरल्यापासून मानाजींचा पाय रिकिबीत ठरत नव्हता, आणि चंद्रीचे दात तिचे वय लपवत नव्हते.

"पहिलं घोडं, अन् ते असलं?" सयाजी काकडे हा बडा शिलेदार दाढी कुरवाळत म्हणाला. "ती तुला पाठीवर घेणार का तू तिला? त्यापरीस माझं शिंगरू घे."

त्या शिंगराने दोघांना आपटले होते, हे सांगायचे तो सोयीने विसरला. नालबंदाने खूर वाखाणले आणि वयावर मान हलवली. जोशीबुवांनी तर तिच्या मानेवरचा भोवरा शुभ की अशुभ यात अख्खी सकाळ घालवली. रायाजी सकाळी 'घेतो' म्हणे, दुपारी 'नको' म्हणे. गडावर एवढी शहाणी माणसे असताना आपल्याला काहीच ठरवता येईना, या विचाराने त्याचे डोके उठले होते.

"रोज तिचं तोंड उघडून दात बघतोस," मानाजी एकदा खवळले. "घ्यायची तर घे, न्हाई तर सोड. जनावराला बी कटाळा येतो."

त्याच दिवशी किल्लेदार रंभाजीरावांनी सदर भरवली. शत्रू बुरुजाखाली सुरुंग खणत होता.

"मंडळी, घाटापलीकडे आपल्या सरदारांची छावणी आहे. आज त्यांना वर्दी पोहोचली नाही तर उद्याचा बुरूज आपला नाही. पागेतली सरकारी घोडी चाऱ्यावाचून खंगली आहेत. शिलेदारांपैकी कोण जातो?"

शिलेदाराचे घोडे पडले तर दुसरे कोणी देत नसे, आणि घोडे गेले की शिलेदारी गेली. जो तो खाली पाहू लागला. सयाजीच्या घोड्याला तर तेवढ्यात पोटशूळ उठला! संताप यावा असेच ते दृश्य होते.

"सरकार, माझी घोडी हाय," मानाजी काठी टेकत उठले. "पाय धड असता तर मीच गेलो असतो."

"मी जातो, सरकार," रायाजीच्या तोंडून निघून गेले.

"घोडी तुम्ही घेतलीत?"

"अजून ठरलं न्हाई, सरकार."

सदरेत हशा पिकला. मानाजी हसले नाहीत. चोरदिंडीपाशी लगाम हाती देताना ते एवढेच म्हणाले, "वढू नगंस. तिला काम ठावं हाय."

तिन्हीसांजेच्या धुक्यातून चंद्री निघाली ती देवदर्शनाला निघालेल्या म्हातारीच्या चालीने. रायाजी टाचा मारी, ती आपल्याच चालीने चाले. खिंडीच्या तोंडाशी तर ती ठप्प उभी राहिली.

"चल की गं, म्हातारे!" तो दात-ओठ खात पुटपुटला.

ती कान टवकारून उभीच. मग धुक्यात कोणीतरी खोकले, एक घोडे फुरफुरले. पुढे मोगलांची चौकी होती. तरणे घोडे असते तर खिंकाळून मोकळे झाले असते; चंद्रीने हूं की चूं केले नाही. हळूच वळून ती कोरड्या ओढ्यात उतरली. एक धोंडा निसटला, आरोळी उठली, बंदुकीची गोळी कानाजवळून गेली. पुढे सरळ उतरता कडा होता. रायाजीचे हात लगाम ओढायला वर आले. आयुष्यात त्याला इतकी भीती कधी वाटली नव्हती. त्याने डोळे उघडे ठेवून लगाम सोडून दिला, आणि चंद्री मागच्या पायांवर बसून मुरमासकट खाली घसरली.

दुसऱ्या पहाटे सरदारांची फौज मोगलांच्या पिछाडीवर कोसळली. वेढा उठला, बुरूज वाचला.

रायाजी सोने घेऊन धावतच मानाजींच्या दारी गेला. "काका, ठरलं! घेतो चंद्रीला."

मानाजी तिचे अंग चोळत होते. "आता देत न्हाई."

"का म्हणून?"

"माझं सपलं, म्हणून तिचंबी सपलं असं धरून बसलो हुतो. तिनं तुला कड्यावरनं सुखरूप उतरवलं, तवा डोळं उघडलं माझं."

"मी जिवावर उदार हून गेलो, काका!"

"व्हय, पोरा. पर इतकं दीस ती माझ्या दारात हुती, आन् तू दुसऱ्यांस्नी इचारत बसलास."

रायाजी सोने पुन्हा कनवटीला खोचून माघारी वळला.

दसऱ्याच्या गणतीला मानाजी आले ते जायबंदी पाय शेल्याने रिकिबीला बांधून, चंद्रीवर ताठ बसून. त्यांचे नाव पुकारले गेले तेव्हा किल्लेदार स्वतः उठून उभे राहिले. रायाजीला मानाचे पागोटे मिळाले, आणि ते बांधून तो पायदळाच्या रांगेत उभा राहिला. शेजारून जाता जाता सयाजी घोड्यावरून वाकून कुजबुजला, "शिंगरू अजून हाय बरं का."

रायाजीला मानाजींचा राग आला, सयाजीचा आला, जोशीबुवांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. घोडदळ सीमोल्लंघनाला निघाले. 'हर हर महादेव'ची आरोळी गडभर घुमली, आणि चंद्री दिसेनाशी होईपर्यंत तो तिच्याकडे पाहत राहिला.